किडोबाची भूक

मी मरत होतो आणि मला कोणी धड मरू देत नव्हतं.

अंगणवाडीच्या फरशीवर मी उताणा पडलो होतो. अंगात काळ्या-हिरव्या गोणपाटाचा झगा, डोक्यावर कागदाच्या लगद्याची शिंगं, तोंडाला हिरवा रंग. माझ्या छातीवर पाय ठेवून, पुरुषभर उंचीचा थर्माकोलचा ब्रश उगारून ब्रशवीर उभा होता. त्याला म्हणायचं होतं, "हे दुष्ट कीडासुरा, बालकांचे दात पोखरणाऱ्या नराधमा, तुझा अंत जवळ आला आहे." तो नराधमापर्यंत पोचला आणि समोरच्या चटईवरून एक चप्पल येऊन त्याच्या कानशिलावर बसली. पाठोपाठ दुसरी. मग पाण्याची बाटली. ज्यांचे दात वाचवायला आम्ही मिरजेहून जीप करून आलो होतो, ती सगळी पोरं एकमुखाने माझ्या बाजूची होती.

त्या गोंधळात दोन बुचडे बांधलेली एक मुलगी चटईवरून उठली, शांतपणे चालत आली आणि माझ्या डोक्याशी मांडी घालून बसली. वय असेल चार-साडेचार. तिने माझ्या शिंगावर हात ठेवला आणि कानाशी वाकून विचारलं, "लई दुखतंय का?"

मेलेल्या माणसाने बोलू नये एवढं मला कळत होतं. पण समोर प्रेक्षक भरलेले असले की माझ्या जिभेवर माझा ताबा राहत नाही. मी एक डोळा उघडला आणि म्हणालो, "भूक लागलीय."

अंगणवाडी खदखदून हसली. मागे भिंतीला टेकून बसलेल्या आयासुद्धा हसल्या. हसली नाही ती फक्त ती मुलगी. आणि दाराशी हाताची घडी घालून उभ्या असलेल्या डॉक्टर शाहीन मुजावर.

तेव्हा मी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा होतो. वडील साखर कारखान्यात फिटर. त्यांनी चार जणांच्या हातापाया पडून मला तिथल्याच टाइम ऑफिसात चिकटवलं होतं. कामगार किती वाजता आले आणि किती वाजता गेले हे बघत आयुष्य काढायचं माझ्या जिवावर आलं. वर्षभरात नोकरीवर लाथ मारून मी नाटक करायला सांगलीला आलो. निघताना वडील जे बोलले ते त्यांनी बोलायला नको होतं, आणि मी जे बोललो ते तर मुळीच नको होतं. तेव्हापासून घरचा उंबरा बंद. आई अधूनमधून शेजारच्या किराणा दुकानातून फोन करायची. मी बरं चाललंय म्हणायचो, तीही बरं चाललंय म्हणायची, आणि दोघांनाही ते खोटं आहे हे ठाऊक असायचं.

बरं म्हणजे काय, तर स्टेशनजवळ एक खोली, खानावळीतली आमटी आणि हौशी नाटकांत खलनायकाची कामं. देवाने चेहराच असा दिला होता की नायकाची पाळी कधी आली नाही. राज्य नाट्य स्पर्धेत उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं तेही एका निर्दय सावकाराच्या कामाबद्दल. ते नाटक बघायला मुजावर मॅडम आल्या होत्या. मध्यंतरात त्यांनी मला गाठलं, माझ्याकडे निरखून पाहिलं, आणि दातातली कीड म्हणून काम कराल का, असं विचारलं. मला वाटलं थट्टा चाललीय. पण मॅडम थट्टा करणाऱ्यांतल्या नव्हत्या.

मिरजेच्या एका हॉस्पिटलात त्या लहान मुलांच्या दातांच्या डॉक्टर होत्या. आसपासच्या गावांतल्या पाच-पाच वर्षांच्या पोरांच्या तोंडात काळे खुंट बघून त्यांचा जीव कळवळायचा. आणि एक वाक्य ऐकलं की त्यांच्या कपाळावरची शीर तटतटायची. "दुधाचेच तर दात, पडणारच आहेत की." मग मॅडम असं म्हणणाऱ्या आईला समोर बसवायच्या आणि सांगायच्या, की दुधाचा दात हा मोठ्या दाताची जागा राखून बसलेला असतो, आपण एसटीत रुमाल टाकतो ना, तसा. रुमालच गेला तर मागून येणारा बसेल कुठे? शिवाय पोर सात वर्षांचं होईतो त्याचे दात आईबापाने घासायचे, त्याच्या हातात ब्रश देऊन मोकळं व्हायचं नाही. हे सगळं सांगून सांगून घसा बसला तेव्हा त्यांनी एका रविवारी बसून नाटक लिहिलं.

मॅडम मुलांच्या दाढेशी जेवढ्या हळुवार, तेवढ्याच भाषेशी निष्ठुर होत्या. त्यांच्या नाटकात पाच वर्षांच्या पोरांपुढे 'नराधम', 'पोखरणे' आणि 'मुखदुर्गंधी' असे शब्द होते. ब्रशवीराचं काम त्यांच्याच हाताखाली शिकणाऱ्या ऋतुराज नावाच्या मुलाला दिलेलं. गोरा, उंच, चष्मा, आणि अभिनयाच्या नावाने शंख. अशा नाटकात मी काय करणार? पहिल्या प्रयोगाला पोरं झोपली. दुसऱ्याला मी थोडं तोंड वेंगाडलं. तिसऱ्याला रांगत आलो. पुढे पुढे तर माझा कीडासुर कसला, पोरांनी त्याचा किडोबा करून टाकला. वाघोबा, कोल्होबा, तसा किडोबा. तो ठेचकाळायचा, स्वतःच्या शेपटीवर पाय देऊन पडायचा, आणि मरताना भुकेने असा काही कळवळायचा की आयांच्या डोळ्यांना पदर लागायचा. मॅडम प्रत्येक वेळी जीपमध्ये बसल्यावर सांगायच्या, "लोंढे, तुम्ही कीड आहात. कीडच राहा." मी हो म्हणायचो. पण टाळी एकदा चाखलेल्या माणसाने हो म्हणण्याला काही अर्थ नसतो.

त्या हिवाळ्यात आमचे प्रयोग संपले आणि मी दुसऱ्या नाटकाच्या तालमीला लागलो. उन्हाळा तोंडावर आला असताना एका दुपारी खोलीच्या मालकांनी हाक मारली, फोन आहे म्हणून. पलीकडे मुजावर मॅडम.

"लोंढे, तुमची एक पेशंट आलीय," त्या म्हणाल्या. "झगा, शिंगं, रंग, सगळं घेऊन या."

मिरजेला पोचलो तेव्हा दवाखान्याच्या बाकावर एक बाई कपाळाला हात लावून बसली होती, आणि तिच्या शेजारी ओठ घट्ट मिटून तीच दोन बुचड्यांची मुलगी. शर्वरी तिचं नाव, घरची हाक शरू. आईचं नाव मंगल. बाई अगदी मेटाकुटीला आली होती. ती सांगत होती ते असं, की शरू आधी ब्रश करून घ्यायची, कुरकुर करत का होईना. पण अंगणवाडीत ते नाटक झालं आणि त्या दिवसापासून ब्रश बघितला की पळत सुटायची. धरून बसवलं तर चावायची. बापाला चावली, घोरपडे बाईंना, म्हणजे अंगणवाडीच्या बाईंना चावली. मग खालची उजवी दाढ दुखायला लागली, आणि एके सकाळी गाल फुग्यासारखा सुजला. ताप भरला. मॅडमनी औषध दिलं, सूज उतरली. पण आत पू झालेला होता, दाढ काढायलाच हवी होती. आणि पोरगी तोंड उघडत नव्हती.

"का म्हणून विचारलं तर एकच घोकतीय," मंगलबाई म्हणाल्या. "म्हनं, किडोबा मरंल."

मॅडमनी मला बाजूला घेतलं. त्या रागावतील अशी मी मनाची तयारी केली होती, पण त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. भूल देऊन, झोपवून ती दाढ काढता येईल, त्या म्हणाल्या, पण मग उद्याचं काय? बाकीचे दात कोण घासू देणार? किडीचा डाग त्या दाढेवर आधीपासून होता, पण तो एवढा होता, आणि त्यांनी करंगळीच्या नखाचं टोक दाखवलं. एवढ्याचं इतकं इतक्या लवकर कसं झालं हे त्यांनाही उमगत नव्हतं.

मी आधी साध्या कपड्यांतच आत गेलो. म्हटलं, बघू या. मंगलबाईंनी सांगितलं, शरू, ह्ये बघ किडोबा आला. शरूने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मान फिरवली. आईने फसवलेल्या लेकराच्या तोंडावर जसा भाव असतो तसा होता तिच्या तोंडावर.

मग मी झगा चढवला. रंग फासला, शिंगं बांधली, शेपूट लावलं. कपडे बदलायची खोली व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला होती. तिथून येताना कवळी बसवायला आलेले एक म्हातारबुवा मला बघून उठून उभे राहिले आणि दोन्ही हात जोडून म्हणाले, "आधी मी आलोय हो." त्यांना काय वाटलं ते त्यांनाच माहीत.

शरूने मला पाहिलं आणि तिचा अख्खा चेहरा उजळला. ती खुर्चीतून सरकून खाली उतरली, माझ्याजवळ आली. मी गुडघ्यांवर बसलो.

"तू मेला न्हाईस," ती म्हणाली.

"नाही."

"मला ठावं हुतं." मग तिने आजूबाजूला एक नजर टाकली आणि आवाज बारीक करून विचारलं, "गूळ मिळतो न्हवं रोज?"

मला काही कळेना. मी विचारलं, कसला गूळ.

"ठेवते की. झोपताना. हितं," असं म्हणून तिने बोट लावलं ते नेमकं उजव्या गालावर. "तुझ्यासाठी."

मॅडम हातात आरसा घेऊन उभ्या होत्या, तशाच राहिल्या. मंगलबाई मटकन बाकावर बसल्या. डब्यातला गूळ कमी होतोय म्हणून त्या महिनोन् महिने नवऱ्याला बोलत होत्या, आणि नवरा बिचारा देवाची शपथ घेत होता. ही पोरगी रोज रात्री सगळ्यांची नजर चुकवून एक खडा गालात धरायची आणि तशीच झोपायची. किडोबाला भूक लागते म्हणून. ब्रश केला की तो मरतो म्हणून.

इतके दिवस मी रंगमंचावर भुकेने कळवळत होतो, लोक टाळ्या वाजवून घरी जात होते. खरोखर मला काही खायला आणून देणारी ही एकटीच निघाली होती, आणि त्यापायी स्वतःची दाढ कुजवून बसली होती.

पण बसून उपयोग नव्हता, काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, शरू, मला आता गूळ नको, मी दुसऱ्या गावाला चाललोय. ती म्हणाली, तिथं कोण देईल? मी म्हटलं, तिथे रानात फळं असतात. ती म्हणाली, तू तर दातात राहतोस. मी म्हटलं, मी आता दात सोडून दिले. ती म्हणाली, मग तू हाईस कोण? वाक्य अडलं तर तिथल्या तिथे रचून वेळ मारून नेणारा म्हणून सांगलीत माझी ख्याती होती. त्या दिवशी साडेचार वर्षांच्या पोरीपुढे मी नुसता शेपटीचं टोक पिळत बसलो. दारातून ऋतुराजने मदतीचा हात पुढे केला. तो म्हणाला, मी देत जाईन त्याला रोज डबा. शरूने त्याच्याकडे वळून बघितलं. तिने त्याला ओळखलं होतं. छातीवर पाय देणारा माणूस डबा देणार, यावर ती काय विश्वास ठेवणार? ऋतुराज बाहेर गेला.

तेवढ्यात मॅडमनी ओला टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला. हलकेच म्हणाल्या, "लोंढे, रंग पुसा. खरं सांगा तिला."

मला ते पटलं नव्हतं. मुलांच्या देखत सोंग उतरवू नये असं आमच्यात मानतात. पण दुसरा उपाय नव्हता. मी तिच्या डोळ्यांदेखत टॉवेल घेतला आणि कपाळापासून पुसायला सुरुवात केली. अर्धा चेहरा पुसून झाल्यावर थांबलो. म्हटलं, हे बघ, हा नुसता रंग आहे. माझं नाव दिगंबर. मी नाटकात किडोबाचं सोंग घेतो. खरी कीड अशी नसते, तिला तोंड नसतं, शिंगं नसतात, तिला कोणी गूळ द्यायचा नसतो.

शरूने हात पुढे केला. माझ्या हिरव्या गालावर बोट फिरवलं, ते बोट नाकाशी नेऊन हुंगलं. मग पुसलेल्या गालावर फिरवलं. आता ही भोकाड पसरणार, असं वाटून मंगलबाई उठल्या. मॅडमनी त्यांना हाताने थांबवलं.

"मग तू जेवतोस कुठं?" शरूने विचारलं.

मी खानावळ म्हणणार होतो. तोंडातून निघालं ते "घरी."

"कोण करतं?"

"आई."

"रोज?"

"रोज."

"पोट भरतं?"

"भरतं."

तिने माझ्या डोळ्यांत बघितलं. पोराने खाल्लं म्हटलं तरी त्याच्या पोटाकडे बघून घेणाऱ्या बाया असतात, तसं. उत्तेजनार्थ बक्षीस मिळवलेला नट मी, पण ती नजर झेलताना माझी दमछाक झाली.

शेवटी तिची खात्री पटली. तिने फ्रॉकच्या खिशात हात घातला, त्यातून धुळीने माखलेला गुळाचा एक खडा काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. हात फ्रॉकला पुसले. खुर्चीवर चढून बसली, मान मागे टेकवली, आणि तोंड असं उघडलं की मॅडमना वरचे-खालचे सगळे दात एका दमात मोजता आले असते.

पुढचं सगळं मॅडमच्या हातातलं होतं, आणि त्या हातांना तोड नव्हती. हिरडीला आधी मलम, मग चिमटा बसेल हं थोडासा, असं सांगून सुई. खोटं एकही सांगितलं नाही. शरूने डाव्या हाताने माझं एक शिंग धरून ठेवलं होतं, त्यामुळे मला जाता येईना. दाढ निघाली तेव्हा ती रडली नाही, नुसती कण्हली. मी मात्र ती चिमट्यातली लालभडक दाढ बघितली आणि माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. ऋतुराजने धावत येऊन मला खाली बसवलं, पाणी दिलं. नाटकभर ज्याला मारायचं होतं त्याचं डोकं मांडीवर घेऊन तो बिचारा वारा घालत होता.

गालात कापसाचा बोळा धरून शरू निघाली. बोलू नकोस, बोळा दाबून धर, असं मॅडमनी बजावलेलं. दारापर्यंत गेली आणि मागे फिरली. बोळा काढून हातात घेतला.

"आता घरी जा," ती मला म्हणाली. "आई वाट बघत आसंल."

आणि बोळा पुन्हा गालात घालून आईचं बोट धरून गेली.

मॅडम हात धुवत होत्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "शेवट बदलायचा. कीड मरणार नाही आपली."

तसा तो बदलला. नव्या नाटकात पोरं आईच्या हातून दात घासून घेतात, किडोबाला खायला काही मिळत नाही, आणि तेवढ्यात त्याची आई त्याला घरून हाक मारते, "कार्ट्या, जेवायला चल." मग तो शेपूट हातात धरून पळत सुटतो. पडद्यामागून ती हाक स्वतः मुजावर मॅडम द्यायच्या, आणि अशा काही आवाजात द्यायच्या की पुढच्या रांगेतली पोरंसुद्धा उठून उभी राहायची. ते नाटक आम्ही पुढे कितीतरी वर्षं, कितीतरी गावांतून केलं. 'नराधम' मात्र मॅडमनी शेवटपर्यंत काढू दिला नाही. शरूच्या दाढेच्या जागी मॅडमनी एक छोटी तार बसवली, मागून येणाऱ्या दाताची जागा राखायला. घोरपडे बाई सांगायच्या, की ती आता रोज सकाळी अंगणवाडीच्या दारात उभी राहून आत येणाऱ्या प्रत्येकाला तोंड उघडून दाखवायला लावते. एकदा तर तिने पर्यवेक्षिकाबाईंनाही सोडलं नाही.

पण त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं.

दवाखान्यातून निघालो तो सांगलीच्या गाडीत बसायचं म्हणून. स्टँडवर आलो आणि आमच्या गावावरून जाणारी इस्लामपूरची एसटी लागलेली दिसली. तिच्यात का चढलो ते विचारू नका. शिंगं मांडीवर घेऊन बसलो. शेजारच्या माणसाने विचारलं, बैल घेतला का. मी म्हटलं, नाही, विकला.

गावात शिरलो तेव्हा दिवेलागण होत होती. वडील दारातल्या कट्ट्यावर पाण्याच्या मोटरचा स्टार्टर उघडून बसले होते. त्यांनी वर बघितलं, पुन्हा खाली बघितलं. मी समोर उभाच. आत भांड्यांचा आवाज चालला होता तो थांबला. आई दारापर्यंत आली आणि चौकटीला धरून उभी राहिली, पुढे येईना.

पुन्हा एकदा वर बघून वडील म्हणाले, "कानामागं काय लागलंय?"

मी हात लावून पाहिला. हिरवा आला. "रंग आहे," मी म्हणालो.

"कशाचा?"

सांगावं की नाही असं झालं. पण तिथवर आलो होतो. म्हटलं, "नाटकात कीड होतो मी. लहान पोरांच्या दातातली."

वडिलांनी पाना ठेवून स्क्रूड्रायव्हर उचलला. त्यांच्या तोंडाची एक बाजू किंचित हलली. स्टार्टरचं झाकण बसवून त्यांनी एकेक स्क्रू आवळला, हात फडक्याला पुसले आणि आईकडे वळून म्हणाले, "पाणी तापव ह्याला. आणि ताट वाढ."

आई आत पळाली. वडील उठले, माझ्या हातातली शिंगं काढून घेतली, उलटीसुलटी करून बघितली आणि आत जाता जाता म्हणाले,

"म्हणजे शेवटी साखरेवरच पोट भरतोस म्हण की. मग कारखाना काय वाईट होता?"